रूथचं बोळकं

आज खिडकीतून समोरच्या मिशन वसतिगृहाचं अंगण पाहत होते. या मुलींचा खर्च उचलू पाहणाऱ्या परदेशातल्या कुटुंबांसाठी फोटो काढणं चाललं होतं. एकच लाल रिबीन या वेणीतून त्या वेणीत फिरत होती. छोटी रूथ मात्र ओठ घट्ट मिटून उभी होती.

"हस की गं!" वसतिगृहाच्या मावशी म्हणाल्या.

"माझं बोळकं बघून त्यांनी दुसरीच मुलगी निवडली तर?"

"अगं, तुझा फोटो ज्यांच्याकडे जाणार, त्यांची नात तुझ्याच वयाची आहे. तीही बोळकीच असेल!"

रूथ खुदकन हसली आणि तेवढ्यात फोटो निघाला.

बाळांनो, तुम्हा परदेशातल्या नातवंडांच्या व्हिडिओ कॉलआधी मीही केस विंचरते, कवळी बसवते. लांबच्या माणसांना आपण आवडावं, ही धडपड कुठल्याच वयात सुटत नाही. या रविवारी मात्र मी कवळी न लावताच बोलणार आहे. घाबरू नका.