सरांचा दुसरा फोन

कोणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, हे आमच्या घरात बहुतेक चालायच्या आधी शिकवतात. पाहुण्यांकडे चहा आला की "नको, आताच घेतला." पोहे आले की "नको, जेवूनच निघालो." मग घरचे म्हणणार, "असं कसं, घ्या घ्या." आपण आणखी एकदा मान हलवायची, ते आणखी एकदा पुढं करणार, आणि मग आपण "बरं, थोडेसे" म्हणून सगळी प्लेट साफ करायची. देणाऱ्यालाही हे ठाऊक, घेणाऱ्यालाही ठाऊक. लहानपणी मी एकदा मावशीकडे पहिल्याच बोलण्यावर जिलेबी उचलली होती. आई तिथं काही बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "काहून वं, घरी तुले कोनी जेवाले देत नाही का?"

या विद्येत बाबा सगळ्यांत तरबेज. आर्णीच्या बाजारात त्यांचं टेलरचं छोटं दुकान होतं. मुख्य काम शाळेचे ड्रेस. गिऱ्हाइकानं जास्तीचे पैसे पुढं केले तर बाबा हात मागं घेणार, गिऱ्हाईक ते मशीनवर ठेवणार, बाबा ते उचलून परत देणार, आणि बऱ्याच ओढाताणीनंतर ते खिशात जाणार. मला लहानपणी हा खेळ वाटायचा. मोठी झाल्यावर राग यायला लागला, कारण आपल्याला जे हवं ते हवं म्हणायला काय जातं, हे मला कळायचं नाही.

लॉकडाऊन लागला तेव्हा मी यवतमाळला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. नेरची एक मैत्रीण आणि मी मिळून खोली केली होती. ती तिच्या भावाच्या गाडीवर गेली, मी एका दुधाच्या गाडीतून एक बॅग घेऊन घरी आले. आमचं गाव आर्णीपासून जवळच. गावाच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या टाकून रस्ता बंद केला होता, आणि ज्यांच्या मांडीवर मी खेळले त्या माणसांनी मला लांबूनच विचारलं, "कुठून आली?" सुरुवातीचे दिवस मी मागच्या खोलीत एकटीच होते. आई दारात ताट ठेवून मागं सरकायची.

नंतर खोलीतून बाहेर आले, पण फार फरक पडला नाही. आमच्या वस्तीत दुपारी कोणी ना कोणी यायचंच. मिरची निवडायला, शेवया करायला, नाहीतर नुसतं बसायला. ते सगळं थांबलं. बायका आपापल्या दारातून मोठ्यानं बोलायच्या. "चहा घेता का?" असं कोणी विचारलंच तर दुसरी "नको" म्हणायची, आणि गोष्ट तिथंच संपायची. पुन्हा कोणी विचारत नव्हतं. विचारून करणार काय? कप कोणाच्या हातात द्यायचा हीच तर भीती. बाबांनी दुकानातलं उरलेलं ड्रेसचं कापड घरी आणलं आणि त्याचे मास्क शिवून वस्तीत वाटले. लोक पैसे विचारायचे, बाबा नको म्हणायचे, लोक बरं म्हणून निघून जायचे. बाबा थोडा वेळ दाराकडे बघत राहायचे. मला तेव्हा हसू आलं होतं, हे मी लपवत नाही.

मे महिन्यात माझ्या फोनची बॅटरी फुगली. मागचं झाकण उचललं गेलं आणि एका सकाळी तो सुरूच झाला नाही. आर्णीतली रिपेअरिंगची दुकानं बंद. सुरू असती तरी दुकानदारानं "नवीनच घ्या" म्हटलं असतं, आणि नवीन घ्यायचं नाव काढायची सोय नव्हती. शाळा बंद म्हणजे ड्रेस बंद. आई लोकांच्या शेतात मजुरीला जायची, त्यावर घर चालू होतं. उरला बाबांचा बटणाचा फोन. त्यावर बोलता येतं, वर्ग करता येत नाहीत.

तिकडे कॉलेज ऑनलाइन सुरू झालं होतं. मला ते मैत्रिणीकडून ऐकून माहीत. आपल्याशिवाय वर्ग चालू आहे, सर कोणाचं तरी नाव घेऊन प्रश्न विचारताहेत, ग्रुपवर मुली एकमेकींना नोट्स पाठवताहेत, आणि आपण चुलीपाशी बसून भात पाहतो आहोत, ही जाणीव फार वाईट असते. वस्तीतल्या विहाराच्या ओट्यावर नेटवर्क चांगलं यायचं, म्हणून माझा फोन चालू होता तेव्हा मी तिथं बसायची. तो बंद पडल्यावरही संध्याकाळी तिथंच जाऊन बसायची. कशाला, ते विचारू नका. आईनंही विचारलं नाही.

एका दुपारी आमच्या वर्गशिक्षकांचा बाबांच्या फोनवर फोन आला. सर पुण्याकडचे, बोलणं नेमकं आणि भरभर. कॉलेजच्या प्राध्यापकांनी आपल्या पगारातून पैसे काढून एक निधी केला होता. ज्यांच्या घरचं काम थांबलं आहे अशा मुलांना फोनसाठी, रिचार्जसाठी, परीक्षेच्या फीसाठी तातडीची मदत द्यायची होती. अर्ज वगैरे नको, सर स्वतःच प्रत्येकाच्या घरी फोन करून विचारत होते. बाबांनी फोनचा स्पीकर लावला होता, त्यामुळे मी सगळं ऐकत होते. 

"काका, तुमच्याकडे मदतीची गरज आहे का?" सरांनी विचारलं.

"नाही सर," बाबा म्हणाले. "आमचं बरं हाये. काही कमी नाही. दुसऱ्या गरजूले द्या."

"नक्की ना?"

"हो हो."

"बरं काका. काळजी घ्या." फोन बंद झाला.

मी बाबांकडे पाहत राहिले. 'नक्की ना' हा दुसरा आग्रह नव्हता. ज्याच्यापुढं अजून बरेच नंबर आहेत त्या माणसाचा तो निरोप होता, आणि त्यात सरांची काही चूक नव्हती. आईनं नुसतं एवढं म्हटलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची." ती बाबांची बाजू घेत होती की टोमणा मारत होती ते मला कळलं नाही.  रडल्याशिवाय आईही दूध पाजत नाही म्हणतात. पण आमच्या घरात रडायचीच चोरी, तिथं काय करणार?

शेवटच्या वर्षाची परीक्षा ऑनलाइन होणार, असं तोवर कानावर आलं होतं. फोन नाही तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर वर्ष गेलं. आणि आमच्याकडे मुलीचं वर्ष गेलं की ती घरी बसते, आणि घरी बसली की स्थळं यायला लागतात. एका काकूनं उमरखेडकडचं एक स्थळ सुचवलंही होतं. "कमी लोकांत आटपून जाईन, खर्च नाही," असं ती म्हणाली. आईनं तिला उत्तर दिलं नाही. मला त्या न दिलेल्या उत्तराची जास्त भीती वाटली.

त्यानंतर बाबा विचित्र वागायला लागले. त्यांनी शिलाई मशीन खिडकीजवळ ओढली. शिवायला तर काही नव्हतं. फोन खिडकीत ठेवलेला, कारण घरात तिथंच नेटवर्कची एक दांडी यायची. मी मैत्रिणीला फोन लावायला घेतला की म्हणायचे, "लवकर बोल, फोन अडकवून ठेवू नको." मला वाटायचं, पैसे जातात म्हणून. एकदा तिचाच फोन आला. तिला मदत मिळाली होती, नवा फोन आला होता, ती फार खुशीत होती. "तुले भेटली का वं?" तिनं विचारलं. बाबा समोरच बसले होते. मी म्हटलं, "मी बरी आहे." तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. नंतर तिचे फोनही कमी झाले. तिचा दोष नाही. माझ्याकडे सांगायला काही नसायचं आणि जे होतं ते सांगता येत नव्हतं.

एका सकाळी बाबा आंघोळीला गेले तेव्हा मी फोन उचलला आणि विहाराच्या ओट्यावर गेले. सरांचा नंबर फोनमध्ये होताच. काय बोलायचं ते रात्रभर ठरवलं होतं. सर, आम्हाला गरज आहे, असं म्हटलं की बाबा खोटे ठरतात. आणि बाबा खोटं बोलले नव्हते. ते रीत पाळत होते. त्यांना कोणी परक्यासमोर खोटं पाडलेलं मला चालणार नव्हतं, आणि मी स्वतः तर पाडणारच नव्हते.

सरांनी फोन उचलला. मी नाव सांगितलं आणि म्हटलं, "सर, माझ्या बाबांना आणखी एकदा विचाराल का?"

"म्हणजे?"

"ते पहिल्यांदा नकोच म्हणतात, सर. आमच्याकडे तसंच असतं. तुम्ही पुन्हा विचारलं तर..."

 मग सर हळूच म्हणाले, "माझी आईही असंच करते." आणि मग, "आज दुपारी करतो."

"मी फोन केला होता हे सांगू नका, सर."

"नाही सांगत."

दुपारी फोन वाजला. मी भांडी घासत होते. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत बाबांनी तो उचलला. स्पीकर लावला नाही, तरी सरांचा आवाज बारीक ऐकू येत होता. "काका, मी परत विचारायला फोन केला. संकोच करू नका."

"नाही सर, म्हणजे आमचं तसं..." बाबा म्हणाले आणि थांबले. माझ्या हातातला तवा तसाच राहिला. सर पुन्हा काहीतरी बोलले. मग बाबा म्हणाले, "गरज हाये, सर. दुकान बंद हाये. पोरीचा फोन बिघडला. तिचं वर्ष जाईन."  बाहेरच्या माणसाला त्यांनी गरज आहे असं म्हटलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. एकदम मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि मी तवा घासत बसले.

फोन ठेवून बाबा उठले. आई शेतातून येऊन पाणी पीत होती. बाबांचा चेहरा असा फुलला होता की त्या अख्ख्या उन्हाळ्यात तसा पाहिला नव्हता.

"मी म्हनतच होतो," ते आईला म्हणाले. "सर पुन्हा फोन करतीन. मी वाटच पाहून राह्यलो होतो. एवढ्या रोगराईत सारे लोक एकदा विचारते अन् निंगून जाते. ह्या मानसानं पुन्हा विचारलं. मोठा मानूस हाये तो."

मशीन खिडकीजवळ का होती, ते मला तेव्हा कळलं.

आईनं माझ्याकडे पाहिलं. तिला अंदाज आला असेल, नसेलही. मी मान खाली घातली. पैसे आले, यवतमाळच्या एका ओळखीच्या माणसाकडून जुना फोन आला, मी ओट्यावर बसून परीक्षा दिली, पासही झाले. काकूचं स्थळ मागं पडलं. मला खूप आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण त्या दुपारी बाबा आईला ते सांगत होते आणि मी तीन हातांच्या अंतरावर बसले होते, तेव्हा मला जितकं एकटं वाटलं तितकं मागच्या खोलीतही वाटलं नव्हतं. जगात अजून कोणीतरी आपणहून दुसऱ्यांदा विचारतं, यावर बाबांचा विश्वास बसला होता, आणि तसं कोणी विचारलं नव्हतं हे घरात फक्त मला माहीत होतं.

आता मी अमरावतीला नोकरी करते. बाबांचं दुकान पुन्हा सुरू आहे. कोणी पाहुणे आले आणि कोरोनाचा विषय निघाला की लोक आपापली दुःखं सांगतात. कोणाला दवाखान्यात जागा मिळाली नाही, कोणाला भावाचं तोंड पाहायला मिळालं नाही. सगळ्यांचं झालं की बाबा म्हणतात, "तेव्हा मानूस मानसाले विचारत नव्हता. पन आमच्या पोरीच्या सरानं आम्हाले दोन डाव विचारलं. कोनी न सांगता." मग माझ्याकडे वळून म्हणतात, "हो ना वं?"

मी म्हणते, "हो बाबा. कोणी न सांगता."