कुरणात पुरलेलं धोतर

दोंडाईच्याजवळच्या एका खेड्याचं कुरण लोटन नाना राखायचे. गावाने नेमलेला राखणदार, सत्तरीकडे झुकलेला, काटक, जिभेचा तिखट. मी धुळ्याच्या कचेरीत माती तपासायला होतो. कृषीची पदवी नवी, त्यामुळे मला शिंगं फुटलेली. अठ्ठ्याऐंशी साली माझ्याच शिफारशीने त्या कुरणाचा अर्धा भाग नांगरून तिथे एकच सुधारित गवत पेरलं. ढोरांना चारा जास्त मिळेल, हा माझा हिशेब.

उरलेल्या अर्ध्यात मारवेल, पवन्या, कुसळी, रानमूग, सगळं आपापल्या मर्जीने वाढायचं. नाना मला त्यातून फिरवत, एकेक काडी चघळायला लावत. आश्विनातल्या त्या सकाळी, तो ओल्या गवताचा वास! आठवला की अजून जीव हळवा होतो.

पुढच्या साली उरलेलं कुरणही नांगरायचं ठरलं. नाना माझ्याशी भांडले नाहीत. पोळ्याला त्यांनी आपलं जुनं सुती धोतर फाडलं आणि एक तुकडा जुन्या कुरणात, एक माझ्या गवतात, वीतभर खोल पुरला. जमिनीचा कस बघायची त्यांच्या वडिलांची ही रीत होती. दिवाळीनंतर मला बोलावून दोन्ही उकरले. माझ्याकडचा तुकडा धुऊन नेसता आला असता. जुन्या कुरणातल्याचे चार धागे तेवढे उरले होते.

"हाई माटी जित्ती शे, भाऊ," नाना म्हणाले. "तिले भूक लागस. तठे एकच गवत खाईसन तिनी भूक मरी गई. तुम्ही देखं ना? मंग लिखी द्या."

सुती कापड खाऊन टाकणारे मातीतले जिवाणू मला पुस्तकातून पाठ होते. पण नांगरणी थांबवा म्हणताना सरकारी कागदावर कारण म्हणून धोतर कसं लिहायचं? लोक हसतील, याची मला लाज वाटली. दोन्हीकडची माती जिवाणू मोजायला मोठ्या प्रयोगशाळेत पाठवतो, अहवाल आला की लिहितो, असं सांगून मी निघून आलो.

अहवाल यायला आषाढ उजाडला. जुन्या कुरणात जिवाणू दुपटीहून जास्त. मी कागद घेऊन तसाच गावी धावलो. ट्रॅक्टर वैशाखातच फिरून गेला होता. सगळीकडे माझं गवत, एका उंचीचं.

नानांनी ओट्यावर बसवून मला तो कागद वाचायला लावला. शेवटपर्यंत ऐकला.

"म्हंजे तुम्हले आते पटनं," एवढंच ते म्हणाले.

शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगितलं.