रेडिओवरच्या नाकिमेराबाईंचा अर्ज

मी तिरसट आहे, हे आमच्या विद्यापीठात शिपायापासून कुलसचिवांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. संवाद आणि माध्यम विभागाच्या प्रवेशखिडकीत मी एकोणीस वर्षं बसतोय आणि एकोणीस वर्षं तेच ते प्रश्न ऐकतोय. आमच्याकडे पुरुषाला आदराने सेबो म्हणतात, बाईला न्याबो. "सेबो, माझा एकच विषय राहिलाय, चालेल का?" नाही चालणार. "सेबो, माझे काका मंत्रालयात..." काकांना राहू दे तिथेच, तू गुणपत्रिका आण. असं बोलल्याशिवाय रांग पुढे सरकत नाही. लोक मला नावं ठेवतात, ठेवू देत.

त्या सकाळीही मी मान खाली घालून शिक्के मारत होतो. खिडकीतून आवाज आला, "नमस्कार सेबो. मी रेस्टेटूटा नाकिमेरा, न्येंडोहून आलेय."

माझा शिक्का हवेतच राहिला. रांगेतल्या एका पोरीने छातीवर क्रूस काढला. मागच्या टेबलावरची टायपिस्ट तर उठून उभीच राहिली. माझ्या तोंडून निघून गेलं, "कोण गेलं?"

"कोणी नाही हो," बाई ओशाळं हसल्या. "मी प्रवेशासाठी आलेय."

तर हा तो आवाज. रोज दुपारी एकला आमच्या मसाका भागात चुलीवर मटोके, म्हणजे कच्ची केळी, शिजत असतात आणि रेडिओवर हा आवाज मृत्यूच्या सूचना वाचत असतो. बावीस वर्षं. चेहरा मात्र कोणी पाहिलेला नाही. मी पाहिला तो असा: बुटक्या, गोल, पुढच्या दोन दातांत फट, अंगावर निळी गोमेसी, म्हणजे आमच्याकडचा पायघोळ झगा, आणि तिच्या पट्ट्यात खोचलेलं पेन.

नंतर ओळख झाली तेव्हा त्या सांगायच्या, "बाजारात टोमॅटोचा भाव विचारला तरी विकणारी बाई आधी विचारते, आमच्यातलं कोणी का? भाचीच्या लग्नात सगळ्यांनी भाषणं केली. मला म्हणाले, मावशी, तू आपली नाच, बोलू नकोस." सांगताना त्या हसायच्या. मला नाही हसू यायचं.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. बातम्या वाचायच्या होत्या. कॉफीचं पीक कसं आहे, कुठली शाळा उघडली, कोण सामना जिंकलं. रेडिओच्या मालकांनी साफ सांगितलं होतं, पदवीशिवाय बातम्यांच्या खुर्चीत कोणी बसायचं नाही. बाईंचं वय चव्वेचाळीस, शिक्षण चौथ्या इयत्तेच्या मोठ्या परीक्षेपर्यंत. माध्यमिकची चौथी म्हणतोय मी, नाहीतर तुम्ही भलतंच समजाल.

मी नेहमीप्रमाणे घोकलेलं म्हणून दाखवलं. "सरळ वाट म्हणजे सहावीचे दोन मुख्य विषय एकाच बैठकीत उत्तीर्ण, चौथीचे पाच विषय, त्यात इंग्रजी. ते आहे?"

"इंग्रजी आहे. सहावी नाही."

"दुसरी वाट पदविकेची."

"नाही."

"मग तिसरी. पंचवीस पूर्ण झालेल्यांसाठी प्रौढ प्रवेश. दोन पेपर. पहिला सर्वसामान्य ज्ञानाचा आणि आकड्यांच्या कोड्यांचा, दुसरा आपल्या विषयाचा. दोन्हींत पन्नास हवेत. मग मुलाखत. आयुष्यात दोनदाच बसता येतं."

"आणि आत गेल्यावर?"

"तीन वर्षं, सहा सत्रं. पहिल्या वर्षी सगळ्यांना सारखंच, लेखन, भाषा, माध्यमांचा इतिहास. दुसऱ्या वर्षी शाखा निवडायची, वर्तमानपत्र, रेडिओ-टीव्ही नाहीतर जनसंपर्क. मग सुट्टीत दहा आठवडे एखाद्या माध्यमात उमेदवारी. तिसऱ्या वर्षी प्रबंध."

"दहा आठवडे रेडिओवर काम शिकायला जायचं? मी तिथे बावीस वर्षं आहे की."

"तरी जावं लागतं."

"मला शिकवणार कोण?"

"ज्याला तुम्ही शिकवलंत तो," मी म्हटलं. बाई एवढ्या मोठ्याने हसल्या की रांगेतल्या लोकांनी माना वळवल्या. त्या आवाजातलं हसू कोणी ऐकलंच नव्हतं.

पहिल्या खेपेला त्या आकड्यांच्या कोड्यांत गेल्या. सहा गुण कमी पडले. यादी लावली तेव्हा त्या फलकासमोर उभ्या होत्या. मी खिडकीतून बघत होतो आणि उगीचच टायपिस्टवर खेकसलो. दुसऱ्या दिवशी मी जुने पेपर गोळा केले, पिशवीत घातले आणि रेडिओच्या दारात नेऊन दिले. असलं मी कोणासाठी करत नाही. वर्षभर त्या सूचना वाचून झाल्या की माझ्या खिडकीशी यायच्या, मी जेवायच्या सुट्टीत कोडी घालायचो. "अहो न्याबो, सात गेले तर किती उरले?" "तुम्ही 'गेले' म्हणू नका, मला नावं विचारावीशी वाटतात," असं चालायचं.

दुसऱ्या खेपेला पहिल्या पेपरात एकसष्ट पडले. मी मनातल्या मनात उडीच मारली. आणि दुसऱ्या पेपरात, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या विषयात, त्रेचाळीस.

माझा विश्वास बसेना. मी उत्तरपत्रिका काढून वाचली. प्रश्न असा: सरोवरात बोट उलटली, तीन ठार, अकरा वाचले, वगैरे तपशील दिलेले, त्यावरून बातमी लिहा. बातमीत मुख्य गोष्ट पहिल्या ओळीत हवी, हे आमच्याकडे पहिल्या आठवड्यात शिकवतात. बाईंनी लिहिलं होतं ते असं: किनाऱ्यावरच्या गावचे अध्यक्ष कळवतात. मग कोणाकोणाला कळवतात, त्या घराण्यांची नावं. मग माणसं कुठल्या दवाखान्यात ठेवलीत, तिथे कसं जायचं, केव्हा जायचं. आणि अगदी शेवटी, बोट उलटली आणि तिघे गेले. तपासणारे होते वासवा, आमचे नवे तरुण प्राध्यापक. त्यांनी लाल शाईने लिहिलं होतं, "सगळं उलटं. बातमी तळाशी."

बावीस वर्षांचं वळण. हात दुसरीकडे वळतोय कशाला? मला इतका राग आला, बाईंचाही आणि वासवांचाही. वर्षभर मी आकडे शिकवत बसलो, आणि हे सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

नियमात एक फट होती. दुसऱ्या पेपरात चाळीसच्या वर गुण असतील तर विभागप्रमुखांना वाटल्यास मुलाखतीला बोलावता येतं. प्रमुख डॉ. सेंटोंगो. मी त्यांच्या टेबलावर उत्तरपत्रिका ठेवली आणि म्हणालो, "साहेब, एकोणीस वर्षांत मी कोणाची शिफारस केली नाही. आजही करत नाही. फक्त बोलवा." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

मुलाखतीत टिपण लिहायला मीच होतो. बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. ही शेवटची वेळ, हे खोलीत सगळ्यांना माहीत होतं.

वासवांनी उत्तरपत्रिका पुढे सरकवली. "न्याबो, ह्यात सगळ्यात महत्त्वाचं काय?"

"तीन माणसं गेली ते."

"मग ते शेवटच्या ओळीत का?"

बाई म्हणाल्या, "सर, माझ्या आधी जे वाचायचे ते गेलेल्याचं नाव पहिलं घ्यायचे. मीही सुरुवातीला तसंच वाचलं. मग लोक रेडिओच्या दारात यायला लागले. चिडलेले, रडलेले. म्हणायचे, नाव ऐकलं, पुढचं काही ऐकूच आलं नाही. कुठलं गाव, किती वाजता, काही नाही. विचारत विचारत पोचेपर्यंत माती देऊन झालेली. मग मी बदललं. आधी कळवणाऱ्याचं नाव घेते, मग ज्यांना कळवायचं त्यांची. आपलं नाव ऐकलं की माणूस हातातलं खाली ठेवतो, बसतो, घरातल्यांना गप्प करतो. मग जागा सांगते, वेळ सांगते. आणि मग गेलेल्याचं नाव."

"पण ही बातमी आहे. मृत्यूची सूचना नाही."

"त्या तिघांच्या घरीही रेडिओ असेल ना, सर," बाई म्हणाल्या.

माझं पेन थांबलं. वीस वर्षांपूर्वी, ह्या नोकरीच्या आधी, मी लुकायात एका धान्याच्या दुकानात हिशेबनीस होतो. एकची वेळ, समोर ताटात भात आणि शेंगदाण्याची आमटी. रेडिओवर माझं नाव आलं. हुझाइरू किगोझी, लुकाया. मी ताट बाजूला सारलं. क्योतेरापलीकडचं आमचं गाव, दफन आजच, चार वाजता. आणि मग माझ्या आईचं नाव. त्या दिवसातलं दुसरं काहीही मला आठवत नाही. दुकान कोणी बंद केलं, टॅक्सीत कोण होतं, काही नाही. पण गाव आणि चारची वेळ डोक्यात पक्की होती. का, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

डॉ. सेंटोंगो वासवांकडे बघत होते. वासवांनी लाल शाईची ती ओळ पुन्हा वाचली, मग उत्तरपत्रिका मिटली. "पहिल्या ओळीत काय लिहायचं ते पहिल्या सत्रात शिकवता येईल, सर," ते हळू म्हणाले. प्रमुखांनी मान हलवली आणि मला म्हणाले, "घ्या लिहून. प्रवेश."

यादी लागेपर्यंत निकाल कोणालाही सांगायचा नाही, हा नियम मी स्वतः टंकून भिंतीवर चिकटवलाय. बाई बाहेर बाकावर बसल्या होत्या, पट्ट्यातलं पेन काढून त्याचं टोपण उघडझाक करत. मी जाऊन शेजारी बसलो आणि म्हणालो, "न्याबो, झालं तुमचं."

त्यांनी गोमेसीच्या टोकाने तोंड झाकलं आणि रडल्या. बराच वेळ रडल्या. मी आपला समोरच्या झाडाकडे बघत बसलो. मग मलाही राहवेना. म्हटलं, "वीस वर्षांपूर्वी तुम्ही माझ्या आईचं नाव वाचलं होतं. क्योतेरापलीकडचं गाव, चार वाजता."

त्यांनी डोळे पुसले, माझ्याकडे नीट पाहिलं. "नाही हो आठवत, सेबो. खरंच नाही. इतकी वाचलीत." मग घाईने विचारलं, "पण पोचलात ना तुम्ही?"

"पोचलो," मी म्हणालो. "वेळेत पोचलो."