गाई विकल्यावर

दोर्ते तोफ्तदालने एप्रिलमध्ये गाई विकल्या आणि ऑगस्टच्या अखेरीस ती कोपनहेगनला गणित शिकायला निघाली. त्यू भागात, युटलंड द्वीपकल्पाच्या वायव्य टोकाला, जिथे झाडंसुद्धा वाऱ्यापुढे मान तुकवून एकाच बाजूला वाढतात, तिथे ही बातमी दुकानात आठवडाभर पुरली. तोंडावर मात्र कुणी काही बोललं नाही. शेजारचा विली तेवढा एक दिवस फाटकापाशी येऊन उभा राहिला.

"गणित म्हणजे हिशेबच ना?" तो म्हणाला. "तो तर तुला येतो."

"तो नाही. दुसरं."

"कशाला लागतं ते?"

"कशालाच नाही."

विलीने मान डोलवली. चव्वेचाळीस वर्षांची बाई कशालाच न लागणारी गोष्ट शिकायला सहा-सात तास लांब जाते, यावर आणखी विचारण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

खरं तर दोर्ते हे शिक्षण एकवीस वर्षांपूर्वीच घेणार होती. ऑलबोर्गमध्ये तिने पदवी घेतली होती, पुढच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेशही मिळाला होता. त्याच उन्हाळ्यात धारा काढताकाढता वडील कोसळले आणि त्यांची उजवी बाजू गेली. भाऊ तेव्हा शाळेत होता. दोर्ते हिवाळ्यापुरती म्हणून घरी आली. तो हिवाळा संपला, वडील खुर्चीत बसून राहिले, आणि खुर्चीतून ते गाईंची, हवामानाची आणि दोर्तेची देखरेख आणखी सोळा वर्षं करत होते. ते गेले, दोन वर्षांनी आई गेली. भाऊ विबोर्गला नोकरीत रमला होता. राहिली दोर्ते आणि ब्याऐंशी गाई.

पण गणित तिने सोडलं नव्हतं, किंवा गणिताने तिला सोडलं नव्हतं. पहाटे साडेचारला दूध काढायचं यंत्र सुरू झालं की त्याच्या ठेक्यावर डोकं आपोआप चालायला लागे. खिशात खडू असे. गोठ्याच्या ओल्या भिंतीवर ती चार ओळी लिही, पुढच्या गाईकडे वळे, परत येऊन एखादी ओळ पुसे. शेवटी पाण्याच्या पाइपने फरशीबरोबर भिंतही धुऊन निघे.

मग खांदा दुखायला लागला. डेअरीचा माणूस येऊन म्हणाला की नवा गोठा बांधा, नाहीतर अशा जुन्या गोठ्याचं पुढे कठीण आहे. दोर्तेने त्याला कॉफी दिली, ऐकून घेतलं, आणि तो गेल्यावर विद्यापीठाचा अर्ज भरला. आपण असं काही करणार आहोत हे तिला स्वतःलाच कॉफी ओतेपर्यंत माहीत नव्हतं.

गाई विलीनेच घेतल्या. गाडीत चढवताना एक म्हातारी गाय फळीवर पाय ठेवीना. विलीने ढकलून पाहिलं, ओरडून पाहिलं. शेवटी दोर्ते स्वतः पुढे होऊन गाडीत चढली, तशी गाय मुकाट्याने तिच्यामागून आत गेली. दोर्ते बाजूच्या दारातून उतरली आणि घरात जाऊन खिडक्या पुसत बसली. दिवसभर पुसत होती.

कोपनहेगनमध्ये तिला अमागर बेटावर चौथ्या मजल्यावर एक खोली मिळाली. घरमालकीण केट्टी शहात्तर वर्षांची, इस्पितळाच्या धुलाईखान्यात जन्म काढलेली. आवाज असा, की वाफेच्या यंत्रांवरून बोलायची सवय अजून गेलेली नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी केट्टी झग्याचा पट्टा आवळत स्वयंपाकघरात आली.

"साडेचार वाजलेत," ती म्हणाली. "काय चाललंय तुझं?"

"उठलेय."

"ते दिसतंय. ऐकूही येतंय. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. मी मोजलं, साठ फेऱ्या झाल्या. काय गं, कुणी मागे लागलंय का तुझ्या?"

"झोप लागत नाही पुढे."

"मग पडून राहा. माणसं पडून राहतात."

"मला जमत नाही."

"निम्मं बोलणं कळत नाही तुझं," केट्टी म्हणाली. त्यूची बोली तिच्या कानांना परदेशीच होती. "पण पाय कळतात. खाली बेनेदिक्तेच्या डोक्यावर नाचतेस तू. ती मलाच बोलणार."

दुसऱ्या दिवसापासून दोर्ते साडेचारला बाहेर पडायला लागली. अंधारात समुद्रापर्यंत चालत जायची, तिथून विमानतळाच्या कुंपणापर्यंत, परत यायची, तरी जेमतेम सात वाजलेले असत. वर्ग दहाचा. मधले तीन तास तिला खायला उठत. घरी त्या वेळेपर्यंत निम्मा दिवस झालेला असायचा. हात मोकळे राहिले की ते काहीतरी शोधत. तिने केट्टीच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, नळ दुरुस्त केला, बाल्कनीचा कठडा घासून रंगवला. तिसऱ्या आठवड्यात केट्टीने हात जोडले. "बाई, आता माझ्या घरात मोडकं काही उरलं नाही. दुसऱ्या कुणाचं घर बघ."

वर्गात तर अधिकच कठीण. आजूबाजूला तेवीस-चोवीस वर्षांची पोरं, बोटं की-बोर्डवर आणि नजर फळ्यावर. शिकवणारी मारेन छत्तीस वर्षांची, चपळ, गोड, आणि फार भराभर बोलणारी. दोर्ते दोन तास खुर्चीत बसायची तेव्हा तिला वाटायचं की आपल्याला बांधून ठेवलंय. पंधरा मिनिटांनी लक्ष उडे. दूध गार करायच्या टाकीचं बटण दाबलं का, असं काहीतरी मनात येई आणि ती खुर्चीतून अर्धी उठे. टाकीही विकून झाली होती.

पहिला गृहपाठ परत आला तो लाल रेघांनी भरून. मारेनने तिला थांबवून घेतलं.

"एकच चूक आहे," ती म्हणाली, "पण पहिल्याच ओळीत. त्यामुळे पुढचं सगळं गेलं. साध्या संख्यांमध्ये अवयव एकाच रीतीने पडतात, म्हणून तू इथेही तेच धरून चाललीस. इथे, या दुसऱ्या प्रकारच्या संख्यांमध्ये, तसं होत नाही. इथे सहाचेसुद्धा दोन वेगळ्या रीतींनी अवयव पडतात."

"हे मला माहीत होतं," दोर्ते म्हणाली. "एकेकाळी."

"परत माहीत होईल."

"तुला खरंच असं वाटतं, की मला बरं वाटावं म्हणून बोलतेस?"

मारेन जरा गोंधळली. "दोन्ही," तिने कबूल केलं.

त्या महिन्यात दोर्तेची एकाच माणसाशी नीट ओळख झाली. साडेचारला ती बाहेर पडताना जिन्यात वर्तमानपत्रं टाकणारा ब्रांको भेटे. साठीला टेकलेला, तीस वर्षांपूर्वी बोस्नियातून आलेला, एक गुडघा कामातून गेलेला. एका सकाळी तो दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसलेला दिसला, गठ्ठा मांडीवर.

"वरचे किती राहिलेत?" तिने विचारलं.

"सहा. बसू दे जरा. गुडघा म्हणतो थांब, साहेब म्हणतो पळ. मी मधल्यामध्ये."

तिने गठ्ठा उचलला आणि सहा दारं उरकून आली. ब्रांकोने तिच्याकडे निरखून पाहिलं. "चालतेस कशी गं, जसं वर कुणी वाट बघतंय."

ऑक्टोबरच्या मधल्या सुट्टीत ती घरी गेली. घर थंडगार होतं, कपाटांना ओल आली होती. पहिल्याच सकाळी साडेचारला जाग आली, आणि इथे कुणाच्या डोक्यावर नाचायची भीती नव्हती तरी ती सवयीने बाहेर पडली. विलीच्या गोठ्यात दिवा होता. विली एकटाच धावपळ करत होता, त्याचा गोठ्यावरचा माणूस त्याच आठवड्यात काम सोडून गेला होता. दोर्तेने काही न विचारता खुंटीवरचा ओव्हरऑल अंगात चढवला.

तीन सकाळी ती तिथे राबली. हातांना काय करायचं ते ठाऊक होतं, पाय थांबायचे तिथे थांबत होते. दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिला दुपारी डुलकी लागली. तिसऱ्या सकाळी विली म्हणाला, "सगळा कळप तू सांभाळ. माझ्याही गाई, तुझ्याही. राहायला तुझं घर आहेच. पोरगी नाहीयेस तू आता, उगाच खोलीत भाड्याने पडायला."

"गाई विचारतायत का?"

"गाई कशाला विचारतील? मी विचारतोय."

दोर्तेला हो म्हणावंसं वाटलं. इतकं वाटलं की तिने तोंड फिरवलं. "सोमवारी सांगते," ती म्हणाली.

त्याच सकाळी, शेवटच्या रांगेला यंत्र लावून होत होतं तेव्हा, लाल रेघांचा तो गृहपाठ तिच्या डोक्यात उलगडला. मोडलेले अवयव सुटे न बघता त्यांचे गट करून बघायचे. मग दोन रीती उरतच नाहीत, एकच उरते. मारेनने हे वर्गात सांगितलं असणारच, पण खुर्चीत बसून ते आत शिरलं नव्हतं. दोर्तेने खिसे चाचपले, खडू सापडला नाही, म्हणून गाईंवर खूण करायची निळी कांडी उचलली आणि भिंतीवर लिहीत सुटली. विली बादली घेऊन आला आणि तिच्यामागे उभा राहिला. बराच वेळ तो त्या निळ्या ओळींकडे बघत होता.

"बरोबर आहे का हे?" त्याने विचारलं.

"वाटतंय तरी."

"कुणाला दाखवायचं असतं?"

"तिकडे एक बाई आहे, तिला."

विलीने बादली खाली ठेवली. "मग माझ्या भिंतीवर काय लिहितेस? नऊ वाजता मी ही धुणार." आणि जरा थांबून, स्वतःवरच चिडल्यासारखा तो म्हणाला, "माणूस मला हवाय, आणि बोलतोय काय बघ मी."

दोर्तेने फोनमध्ये भिंतीचा फोटो काढला. परतीच्या गाडीत तिने तो वहीत उतरवला, आणि उतरवताना त्यात दोन चुका सापडल्या. समुद्रावरचा मोठा पूल मागे गेला तरी ती खिडकीबाहेर बघत नव्हती.

सोमवारी पहाटे ती खाली जिन्याच्या तोंडाशी ब्रांकोची वाट बघत उभी राहिली.

"तुझ्या कामात निम्मा वाटा दे मला," ती म्हणाली.

"वेड लागलं का? हे काम माणसं सोडतात, मागत नाहीत."

"वरचे मजले माझे, खालचे तुझे."

ब्रांकोने गुडघा चोळला. "साहेबाला विचारतो," तो म्हणाला, पण गठ्ठा त्याने आधीच तिच्या हातात दिला होता.

मग तिने विलीला फोन केला. तो गोठ्यातच होता, मागे यंत्राचा आवाज येत होता. ती म्हणाली, "नाही जमणार." तो म्हणाला, "बरं." यंत्राचा आवाज तिला ऐकायचा होता हे त्याला कळलं असावं, कारण त्याने घाईने फोन ठेवला नाही.

अकरा जिने, पन्नासेक मजले. चढताना हात वर्तमानपत्रं टाकत आणि डोकं आपल्या वाटेने जाई. सगळ्यात वरच्या मजल्यावर ती खिशातली वही काढून चार ओळी लिही आणि खाली पळे. सकाळी दहाला वर्गात ती आता मागच्या भिंतीशी उभी राहू लागली. पहिल्या दिवशी पोरांनी वळून पाहिलं. मारेन म्हणाली, "दोर्ते, जागा आहे इथे." दोर्ते म्हणाली, "मी बसले की माझं डोकंही बसतं." पोरं हसली, आणि पुढच्या आठवड्यात आणखी दोघं मागे येऊन उभी राहिली.

बेचैनी गेली असं मात्र झालं नाही. डिसेंबरमध्ये एकदा ती सामान भरून स्टेशनापर्यंत गेली आणि गाडी सुटल्यावर परत आली. केट्टीने बॅग पाहिली, राय धान्याच्या काळ्या ब्रेडवर लिव्हरचं सारण फासून तिच्यापुढे सरकवलं. "खा. आणि मग ती बॅग माझ्या वाटेतून काढ."

जानेवारीत तोंडी परीक्षा झाली. मारेनच्या शेजारी बाहेरून आलेला एक परीक्षक होता, दाढीवाला, थकलेला. त्याने विचारलं, "सहापासून सुरू करू या?" दोर्तेने खडू घेतला आणि फळ्यापुढे या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत बोलत राहिली. मध्ये एकदा अडली. खाली बघत तीन फेऱ्या मारल्या, आणि मग वाट सापडली. बारापैकी सात मिळाले. त्यूच्या भाषेत याला 'वाईट नाही' म्हणतात, म्हणजे फार चांगलं.

पुढे वसंतात ती एका विषयात नापास झाली. दोन वर्षांचा अभ्यास तीन वर्षं चालला. दुसऱ्या वर्षी तिने गावाकडचं घर विकलं, विलीच्याच पुतणीने घेतलं. ब्रांकोचा गुडघा बदलून झाला आणि तो खालचे मजले पळत चढायला लागला. प्रबंध एकसष्ट पानांचा झाला, आणि तो वाचून मारेन म्हणाली की शेवटची दहा पानं तिला स्वतःला लिहिता आली नसती. या वेळी ती बरं वाटावं म्हणून बोलत नव्हती, हे दोर्तेला चेहऱ्यावरून समजलं.

जूनमध्ये सगळं संपलं. तिकडे त्यूमध्ये, थिस्तेदच्या एका शाळेने गणित शिकवायला बोलावलं होतं. इथल्या विद्यापीठात मारेनच्या हाताखाली पुढचं संशोधन करायची जागाही निघत होती. दोर्तेने दोन्हीकडे हो कळवलं नाही आणि नाहीही कळवलं नाही. पुस्तकं खोक्यांत भरून तिने ती जिन्यात नेऊन ठेवली, कुठे जायची ते ठरलं की न्यायला सोपी.

तीन दिवसांनी केट्टी बाजारातून आली ती धापा टाकत.

"ठरलं का काही?"

"नाही अजून."

"कधी ठरणार?"

"मला तरी कुठे माहीत आहे?"

"मग ठरेपर्यंत ती खोकी आत घे," केट्टी म्हणाली. "खालची बेनेदिक्ते माझ्याकडे येताना दोनदा अडखळली. आणि एक टोक मी धरते, एकटीने उचलून खांदा मोडून घेशील."

दोघींनी मिळून पहिलं खोकं आत ओढलं.