बाबांची गाडी मागे घेताना

गाडी घरी आली त्या दिवशी बाबांचा मला तीनदा फोन आला. तीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसानं पहिल्यांदा स्वतःची गाडी घेतली होती. जुनीच, पण त्यांना आकाश ठेंगणं झालं होतं. मलाही राहवेना. रविवारी अकोल्याहून निघाले ती थेट अमरावतीला.

गाडी नव्या टिनाच्या गॅरेजात होती. जन्मभर डेपोत उघड्यावर लावली, आता आपली तरी छपराखाली, असं बाबांचं म्हणणं. मला मात्र राग आला. फाटकाबाहेर एवढा मोठा कडुनिंब असताना ही भट्टी कशाला? शिवाय गॅरेजातून निघायचं तर गाडी मागे घ्यावी लागते, आणि कंडक्टरनं इशारा दिल्याशिवाय बाबा चाकही हलवत नाहीत. घरात कंडक्टर कुठून आणणार? मग आई. गुडघे धरले म्हणून जिना न चढणारी माझी आई रोज उन्हात गल्लीत उभी.

"बाबा, निंबाखाली लावा नं. सरळ निघते. आईच्या गुडघ्याईचं तं पाहा."

"पाखरं घान करतात."

"धुता येते."

"मंग तू धू."

असं अर्धा तास चाललं. शेवटी बाबाच नरमले. "तिले तरास होत असन तं लावतो बाहेर." मी जिंकले होते, आणि ते लपवतही नव्हते.

बाबा गाडीत बसले. आईनं पदर खोचला, मागे गेली आणि डिकीवर दोन थापा मारल्या. गाडी मागे येऊ लागली. आईची नजर एकदा चाकावर, एकदा नालीवर. कडुनिंब वीतभर राहिला तशी एक थाप पडली आणि गाडी जागच्या जागी थांबली. मी चक्क टाळ्या वाजवल्या.

"उद्यापासून तुले याचं काम नाही," बाबा खिडकीतून म्हणाले.

"कावून?" आईचा हात डिकीवरच होता. मग ती माझ्याकडे वळली. "गुडघे घरात बसूनबी दुखतात. तीस वर्षं हे ड्युटीवर अन् मी घरी वाट पाहून राहिली. आता कुठं सोबत ड्युटी लागली, तं तू आली सोडवाले."

बाबांनी पहिला गिअर टाकला आणि गाडी परत गॅरेजात नेली.