व्हॉल्व्हवरचा पाहुणा

लाँड्रीत त्याला सगळे होयबा म्हणत, आणि तेही तोंडावर. त्याला त्याचं काही वाटत नसे, कारण हाक आली की तोंडातून आधी ‘हो’ निघायचं आणि कोण काय म्हणालं याचा विचार मागाहून व्हायचा. बायकोने ‘भाजी खारट झाली का?’ विचारलं तरी हो, आणि ‘खारट नाही ना झाली?’ विचारलं तरी हो. ती बिचारी शेवटी स्वतःच चाखून बघायची.

होयबा बॉयलरवाला होता. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी धुणारी ती मोठी लाँड्री. मागच्या खोलीत कोळशावरचा बॉयलर आणि एका भिंतीपलीकडे इस्त्रीचा हॉल. हॉलमध्ये बायकांची रांग वाफेच्या इस्त्र्या चालवायची आणि त्या रांगेत, अगदी भिंतीला लागून, होयबाची बायको उभी असायची. होयबाच्या हातात कसब होतं. विस्तवाचा नुसता रंग बघून तो वाफेचा अंदाज सांगायचा. पण कसब वेगळं आणि कणा वेगळा. लहानपणी बापाच्या चपला जिन्यावर वाजल्या की हा पलंगाखाली शिरायचा. पुढे बाप गेला, पलंग मोडीत गेला, पण हा काही पलंगाखालून बाहेर आला नाही.

घर ख्रिस्ती. रविवारी उपासना, बुधवारी कोणाच्या तरी घरी प्रार्थनासभा. देवाला बाप म्हणायची वेळ आली की होयबाच्या कानात त्याच चपला वाजायच्या. प्रार्थनासभेत सगळे गोल बसत आणि ज्याची पाळी येईल त्याने आपल्या शब्दांत, मोठ्याने प्रार्थना करायची अशी पद्धत होती. होयबाची पाळी आली की तो घसा खाकरायचा, जरा थांबायचा आणि ‘आमेन’ म्हणायचा. वर्षानुवर्षं हेच. मग त्याच्या शेजारी बसणारा शिंपी त्याने खाकरलं रे खाकरलं की आपली प्रार्थना सुरू करू लागला. खाकरणं हीच होयबाची प्रार्थना, असं मंडळीने धरूनच टाकलं होतं.

आता पाहुण्याचं सांगायला हवं. बॉयलरला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. त्याला एक आडवा दांडा आणि दांड्याच्या टोकाला वजन. वाफ प्रमाणाबाहेर वाढली की दांडा उचलला जातो आणि वाफ शिट्टी मारत बाहेर पडते. इथला व्हॉल्व्ह झिजला होता, त्यामुळे शिट्टी लवकर व्हायची. त्यात मालकाने वाफ जास्त खाणारं नवं यंत्र आणून बसवलेलं. दुरुस्ती करायची तर बॉयलर थंड करावा लागणार आणि काम बंद राहणार. मालक म्हणाला, “आजच्या दिवस काहीतरी लटकव रे त्या दांड्याला.” होयबा ‘हो’ म्हणाला. कोपऱ्यात एक जुनी, मोडकी लोखंडी इस्त्री पडली होती. ती त्याने तारेने दांड्याला बांधली आणि शिट्टी गप्प झाली.

आजचं उद्यावर गेलं आणि उद्याचं परवावर. मालक गमतीने त्या इस्त्रीला पाहुणा म्हणू लागला, कारण एका दिवसासाठी आली आणि मुक्काम ठोकून बसली. तपासनीस यायचा असला की पाहुणा कोळशाच्या ढिगामागे जायचा, आणि त्याची पाठ वळली की पुन्हा दांड्यावर. दुपार होता होता वाफेचा काटा लाल रेघ ओलांडायचा आणि होयबा दुसरीकडे बघायचा. रोज सकाळी विस्तव पेटवायच्या आधी पाहुण्याला तोच आपल्या हाताने लटकवायचा. भिंतीपलीकडच्या बायकांना वाटायचं, चला, व्हॉल्व्ह दुरुस्त झाला एकदाचा.

एका बुधवारी सभा शिंप्याच्याच घरी होती. होयबाच्या बायकोची पाळी आली. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, “प्रभू, आमच्या हॉलमधल्या बायका बॉयलरला भितात. मी नाही भीत. भिंतीपलीकडे माझा माणूस आहे. तो आहे म्हणून मी त्या भिंतीला पाठ लावून निर्धास्त काम करते. तुझे आभार मानते.”

मग होयबाची पाळी. त्या दिवशी त्याला खाकरताही आलं नाही. शिंपी बराच वेळ खाकरण्याची वाट बघत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॉयलरच्या खोलीत होयबाने पाहुण्याला हातात घेतलं, आणि दांड्याकडे जायचं सोडून तो कोळशाच्या टोपलीवर मटकन बसला. “बापा,” तो मोठ्याने म्हणाला. पुढचं काही येईना. मग एकदम आलं. “मला भीती वाटते. मालकाची वाटते. तुझीही वाटते. त्या भीतीपायी मी माझ्या बायकोच्या पाठीशी मरण बांधून ठेवतोय.”

तो चपलांची वाट बघत राहिला. चपला वाजल्या नाहीत. येशूसुद्धा मरणाच्या आदल्या रात्री घाबरला होता, घामाघूम झाला होता आणि तरी पळाला नव्हता, हे होयबाने लहानपणापासून ऐकलेलं. पण ज्याने स्वतः भीती चाखली आहे तो घाबरलेल्याला लाथाडणार नाही, हे त्याला त्या सकाळी पहिल्यांदा उमगलं. आपण किती भित्रे आहोत हे येशूला सगळं ठाऊक होतं आणि तरीही त्याने आपल्याला टाकलं नव्हतं. मग मालक करून करून काय करणार? कामावरून काढील. होयबा पोटभर रडला. रडून झाल्यावर त्याला इतकं मोकळं वाटलं की त्याचं त्यालाच नवल वाटलं. भीती मात्र होतीच. ती घेऊनच तो उठला, विस्तव पेटवला आणि पाहुण्याला जमिनीवरच ठेवलं.

वाफ चढली आणि शिट्टी सुरू झाली. मालक तरातरा आला.

“पाहुणा कुठाय? लटकव.”

“नाही,” होयबा म्हणाला. तो शब्द त्याच्या तोंडातून इतका हळू निघाला की मालकाला वाटलं, हा हो म्हणाला.

“मग उभा का राहिलास?”

“नाही म्हणालो, मालक. मी लटकवणार नाही. तुम्हीही लटकवू नका. पलीकडे बायका आहेत.”

मालकाने त्याच्याकडे टक लावून बघितलं. मग स्वतःच वाकून पाहुण्याला उचललं आणि दांड्याला अडकवलं. होयबाने पुढे होऊन त्याला काढलं. मालकाचा आवाज चढला. “सकाळी सकाळी डोकं फिरलंय का तुझं? काम बंद पडलं तर या सगळ्यांना तू पोसणार आहेस? चालता हो घरी. उद्या दुसरा माणूस आणतो.”

“जातो,” होयबा म्हणाला. “पण विस्तव काढून जातो.”

त्याने लांब आकडी घेतली आणि भट्टीतला विस्तव ओढून बाहेर काढला. घाईगडबड नाही, जसा काढायचा तसाच. मग पाहुण्याला काखोटीला मारून तो इस्त्रीच्या हॉलमध्ये गेला. वाफ उतरली होती, बायका हातावर हात ठेवून उभ्या होत्या. “हे व्हॉल्व्हवर बांधलेलं होतं,” तो म्हणाला. “रोज मीच बांधत होतो. व्हॉल्व्ह दुरुस्त झालेला नाही. होईस्तोवर या भिंतीजवळ कोणी उभं राहू नका.”

बायकोने इस्त्रीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तिचा चेहरा पांढरा पडला. ती भिंतीपासून बाजूला झाली आणि अंगावरचं एप्रन सोडू लागली. तिच्या पाठोपाठ सगळी रांग एप्रन सोडू लागली.

दुसरा बॉयलरवाला आला, पण त्याच्या कानावर सगळं गेलेलं होतं. व्हॉल्व्ह बदलल्याशिवाय तो काडी ओढायला तयार होईना. शेवटी मालकाने बॉयलर थंड करून नवा व्हॉल्व्ह बसवला. बायका कामावर परतल्या. होयबाला काही कोणी बोलावलं नाही. तो कामाच्या शोधात गल्लोगल्ली फिरला आणि हात हलवत घरी आला. बायको त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. एकदा जेवताना म्हणाली, “मी देवाचे आभार मानत होते, आणि तुम्ही शेजारी बसून ऐकत होतात.”

“हो,” तो म्हणाला. या खेपेला त्याने विचार करून हो म्हटलं होतं. “आधी तुला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. माझं चुकलं.”

ती उठली नाही. तिने भांडं पुढे सरकवलं आणि म्हणाली, “भाजी खारट झालीये का?”

“झालीये,” होयबा म्हणाला. “जरा जास्तच.”

ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा हसली.

बुधवारी पुन्हा सभा भरली. पाळी फिरत फिरत होयबापाशी आली. सवयीने त्याने घसा खाकरला. सवयीनेच शेजारच्या शिंप्याने लगेच डोळे मिटून सुरुवात केली, “हे दयाळू प्रभू—”

होयबाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“थांबा,” तो म्हणाला. “माझं अजून व्हायचंय.”