ग्रहण आणि तिसरा महिना

प्रकाश आणि सावलीचा धडा सहावीच्या विज्ञानात आहे, आणि ग्रहणाचा सातवीच्या भूगोलात. आटपाडीच्या पुढं माळावरच्या एका छोट्या शाळेत मी दोन्ही वर्गांना दोन्ही विषय शिकवत होते. त्या डिसेंबरात सकाळी सूर्यग्रहण दिसणार असं कळलं, तेव्हा मला फार आनंद झाला. दोन्ही धडे एकाच सकाळी, एकाच अंगणात शिकवता येणार होते.

मी मूळची उंब्रजची. आमच्याकडं ऊस, पाणी, आणि गल्लीतल्या दोन-तीन घरांत तरी एक फौजी. लग्न होऊन विट्याला आले आणि नोकरी लागली ती या कोरड्या भागात. इथली माणसं मेंढरांमागं पिढ्यान्‌पिढ्या फिरलेली. लहानपणी थंडीच्या दिवसांत आमच्या वडिलांच्या रानात खतासाठी मेंढरं बसायला यायची ती यांच्याच बाजूची, हे मला इथं आल्यावर कळलं. आता बरीच घरं डाळिंबाकडं वळली होती, आणि तरणी पोरं सोनं गाळायच्या कामाला दूर तमिळ मुलखात जात होती. घरी म्हातारी माणसं, बायका आणि पोरं.

ग्रहणाच्या आधी पंधरा दिवस आम्ही पुठ्ठ्याची खोकी जमवली. एका बाजूला टाचणीनं भोक, दुसऱ्या बाजूला तेल लावलेला कागद. मुलांनी त्यातून आधी मेणबत्ती उलटी बघितली, मग शाळेचं फाटक उलटं बघितलं. सहावीत एक मुलगी होती, ती खोकं डोळ्यापासून खाली ठेवायलाच तयार नव्हती. तिचे प्रश्न संपायचे नाहीत. "बाई, सगळं उलटं दिसतंय तर माणसं पडत का न्हाईत?" असलं काहीतरी विचारायची, आणि उत्तर मिळेपर्यंत उभी राहायची.

मी वर्गात सांगितलं होतं, "ग्रहण म्हणजे सावली. सावलीनं कुणाचं काही बिघडत नाही. घरी जाऊन सांगा, आयांना घेऊन या."

हे वाक्य मीच म्हणाले होते.

त्या दिवशी सकाळी आठलाच मुलं आली. वस्तीवर बऱ्याच घरांची दारं बंद होती. ग्रहण बाधू नये म्हणून गाभण मेंढ्यांच्या पाठीवर गेरूचे पट्टे ओढले होते. अंगणात कडुलिंबाचं झाड होतं. ऊन तिरकं होतं आणि पानांच्या फटींतून जमिनीवर एरवी उन्हाचे गोल कवडसे पडायचे. साडेआठ-पावणेनऊच्या सुमाराला त्या सगळ्या गोलांच्या कोरी झाल्या. शेकडो कोरी, चंद्रासारख्या, धुळीत हलत होत्या. मुलं ओरडायचीच थांबली. एकानं हात पुढं केला, तर तळहातावर कोर.

ती मुलगी तेवढ्यात पळत घरी गेली आणि आपल्या चुलतीला हाताला धरून घेऊन आली.

चुलती वीस-एकवीस वर्षांची असेल. डोक्यावरचा पदर दातात धरलेला, आणि सातवा महिना. नवरा त्या गलाईच्या कामालाच लांब गेलेला. फाटकाशी ती थबकली आणि माझ्याकडं बघायला लागली.

तिला परत पाठवावं असं मला वाटलं. का वाटलं, ते मला तेव्हाही कळलं होतं. पण चाळीस मुलं माझ्याकडं बघत होती. मी म्हणाले, "या की. काही होत नाही. सूर्याकडं बघू नका, खाली बघा."

ती आली. झाडाखाली उभी राहिली. तिच्या साडीवर, हातावर, पोटावर त्या कोरी पडल्या. ती खुदकन हसली आणि म्हणाली, "अगंबया, किती ही!" दहा मिनिटं थांबून ती परत गेली.

फेब्रुवारीच्या शेवटी तिला मुलगा झाला. वरचा ओठ नाकपुडीपर्यंत दुभंगलेला.

आमच्या भागात अशा मुलाला काय म्हणतात ते सांगायला नको. डॉक्टरनं कागदावर काहीही लिहू दे, घरात एकच शब्द उच्चारला जातो. गिराण लागलं.

मला ही बातमी शाळेत आमच्या स्वयंपाकाच्या मावशींकडून कळली. खिचडी वाढता वाढता त्या हळूच म्हणाल्या, "बाई, तुमचं नाव निघतंय." त्या दिवशी वर्गात काय शिकवलं ते मला आठवत नाही. संध्याकाळी विट्यात माझ्या मुलाच्या डॉक्टरांकडं गेले आणि सरळ विचारलं. त्यांनी औषधाच्या चिठ्ठीच्या मागं आकृती काढून दाखवली. बाळाचा ओठ दोन्ही बाजूंनी येऊन मध्ये जुळतो, तो दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. कधी कधी जुळायचा राहतो. का राहतो, हे बहुतेक वेळा सांगता येत नाही. सातव्या महिन्यात ओठ केव्हाच तयार झालेला असतो.

मी ती चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. आपण सुटलो, असं वाटलं. बाळाचा विचार नंतर आला.

दोन दिवसांनी मुलीचा आजा शाळेत आला. उंच, वाळलेला माणूस, खांद्यावर घोंगडं. पायताण बाहेर काढून तो व्हरांड्यात बसला. मी खुर्ची दिली तरी खालीच बसला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"बाई, तुमचं पुस्तक खरं आसंल. पर प्वार आमचं हाय."

मी म्हणाले, "आवं, मी डॉक्टरांना विचारून आलेय. ग्रहणानं नाही झालं हे." चिठ्ठी काढून त्याच्यापुढं धरली, आकृती दाखवली. "ओठ तिसऱ्या महिन्यात जुळतो बाळाचा. ग्रहण सातव्यात होतं. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं."

त्यानं आकृती बराच वेळ बघितली. मग मान वर केली. "म्हंजी तिसऱ्या म्हयन्यात झालं म्हना."

"हो."

"तिसऱ्या म्हयन्यात ती म्हायेरी व्हती." तो उठला. "तिथं काय खाल्लं, काय क्येलं, आता इचारतो."

मी "तसं नाही, तसं नाही" म्हणत फाटकापर्यंत त्याच्या मागं गेले. त्यानं फक्त हात जोडले आणि गेला.

कारण सांगता येत नाही, हे डॉक्टरांचं वाक्य मी त्याला सांगितलंच नव्हतं. मला स्वतःला सोडवायला महिना पुरेसा होता. मी तेवढाच सांगितला आणि दोष माझ्या दारातून उचलून त्या बाळंतिणीच्या खाटेवर नेऊन ठेवला.

मुलगी शाळेत येईनाशी झाली. आठवडाभर वाट बघितली आणि एका दुपारी मी वस्तीवर गेले. आजी दारात तांदूळ निवडत होती. ती मला "बसा" म्हणाली नाही, "जावा" पण म्हणाली नाही. मुलगी आत बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. बाळाला अंगावर ओढता येत नव्हतं, दूध ओठाच्या फटीतून सांडायचं. ती वाटीतलं दूध चमच्यानं, थेंब थेंब, गालाच्या आतल्या बाजूला सोडत होती. सहावीतली पोर, पण चमच्यातला एक थेंब बाहेर सांडत नव्हता. पलीकडं चुलती भिंतीकडं तोंड करून पडली होती.

मी म्हणाले, "उद्यापासून शाळेत ये."

तिनं चमचा खाली ठेवला. "बाई, पुस्तकात चूक आसती का?"

"असते कधी कधी. पण यात नाही."

"मग मी चुलतीला बोलावलं म्हनून झालं न्हाई?"

"नाही. तुझ्यामुळं नाही आणि ग्रहणामुळंही नाही."

तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. वर्गात उत्तर मिळेपर्यंत बघायची तसं.

"बाई, तुमचा पोरगा पोटात व्हता तवा गिराण आलतं का?"

आलं होतं. जानेवारीतलं, दुपारचं. मी तेव्हा नोकरीत पक्की झालेली, डी.एड. झालेली. सासूबाई म्हणाल्या होत्या, "तू शिकलेली आहेस, तुझं तू ठरव." आणि मी ठरवलं होतं. आतल्या खोलीत, खिडकीला चादर लावून, ग्रहण सुटेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसले होते. भाजी चिरली नाही, सुईत दोरा ओवला नाही, पाणीसुद्धा प्याले नाही. कुणी सांगितलं नव्हतं. उगीच कशाला, एवढंच मनात होतं.

खोटं बोलता आलं असतं. आजीचे हात तांदळात थांबले होते.

"आलं होतं," मी म्हणाले. "मी घरात बसले होते."

चुलतीनं कूस बदलून एकदा माझ्याकडं बघितलं आणि परत भिंतीकडं वळली. मुलीनं चमचा उचलला आणि बाळाला दूध पाजायला लागली. मी चपला घातल्या.

मार्चात टाळेबंदी लागली आणि सगळ्याच शाळा बंद झाल्या. दवाखान्यांत नुसतं तापाचं बघत होते, ओठाचं ऑपरेशन पुढं पुढं जात राहिलं. जूननंतर आम्ही वस्त्यांवर जाऊन स्वाध्यायाचे कागद वाटायला लागलो. मुलगी आता सातवीत होती. ती कागद घ्यायला अंगणाच्या कडेला यायची, बाळ कडेवर. मी तिथूनच बाळाचं वजन विचारायची. वाढत होतं. तिनंच वाढवलं ते.

भूगोलाचा ग्रहणाचा स्वाध्याय आला. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं तिनं नेहमीसारखी लिहिली होती, भरती-ओहोटीची आकृतीसुद्धा सुबक काढलेली. 'ग्रहणाविषयीच्या गैरसमजुती लिहा' या प्रश्नापुढं मोकळी जागा होती. मी तिला काही विचारलं नाही. कागद तपासला, सही केली, परत दिला. विचारायला हवं होतं, असं आजही वाटतं. पण मी त्या प्रश्नाचं उत्तर कुठल्या तोंडानं मागणार होते?

दिवाळीनंतर मिरजेच्या एका दवाखान्यात गरिबांच्या मुलांची अशी ऑपरेशनं फुकट होतात असं विट्याच्या त्या डॉक्टरांनीच सांगितलं. मी कागदपत्रं केली, दोन वेळा जाऊन आले. ऑपरेशनच्या दिवशी आजी, चुलती आणि मी गेलो. आजा आला नाही, पण गाडीत बसताना त्यानं माझ्याकडं पाण्याची बाटली दिली. "सुनंला देत जावा मधनं मधनं," एवढंच म्हणाला.

बाळाला आत नेलं आणि आजी पायरीवर जाऊन बसली. बाकावर आम्ही दोघीच राहिलो. चुलती पहिल्यांदाच माझ्याशी नीट बोलली.

"बाई, तुमी मला बोलावलं नव्हतं. पोरगी आली, मी माझ्या पायानं आले. मला बघायचं व्हतं." ती पदराचं टोक पिळत होती. "पर घरात मी म्हनले, बाईंनी बोलावलं. मारतील म्हनून भ्याले. तुमच्यावर ढकललं."

मी म्हणाले, "बोलावलंच होतं मी. आणि मग तिसरा महिना मीच तुझ्यावर ढकलला."

"लय इचारलं तिसऱ्या म्हयन्याचं," ती म्हणाली. "माझ्या आईला पण इचारलं. आई मग परत आलीच न्हाई हिकडं."

डॉक्टरांचं राहिलेलं वाक्य मी तिला तिथं सांगितलं. कारण सांगता येत नाही, दोष कुणाचाच नाही, तुझाही नाही. तिनं ऐकून घेतलं. "हे आधी सांगायचं व्हतं, बाई," म्हणाली.

बाळ बाहेर आलं तेव्हा ओठाला बारीक टाके होते आणि तोंड ओळखू येत नव्हतं. तिनं त्याला घेतलं आणि बराच वेळ रडली. आजी म्हणाली, "दिसतंय की गं माणसासारखं." वाईट हेतूनं म्हणाली नव्हती.

माझी बदली झाली. तीनेक वर्षांनी आटपाडीच्या बाजारात चुलती भेटली. मुलगा हात सोडून पुढं पळत होता, नाकाखाली बारीक रेघ, बोलतो मात्र घडाघडा. कडेवर दुसरी, मुलगी, गोरीगोमटी, ओठ धड. मी पुतणीचं विचारलं. म्हणाली, आटपाडीतच कॉलेजला जाते, सायन्सला नाही घातलं.

दुसरीच्या वेळी दिवाळीत ग्रहण आलं होतं. "बशिवलं मला," ती म्हणाली. "दोन घोंगडी लावली दाराला. मी पण बसले गप." मग मागं वळून तिनं सासूकडं बोट केलं. आजी जवळ आली, नातीच्या गालाला हात लावला आणि मला म्हणाली, "बगा बाई. या खेपंला आत बसली, तर पोरगी कशी चांगली झाली."

मी तोंड उघडलं. एका घरातल्या दोन पोरांवरून असं ठरवता येत नाही, हे मला दहा प्रकारे समजावता येतं, पोटासाठी तेच करते मी. चुलती माझ्याकडं बघत होती. तिची मान अगदी थोडी हलली, नको म्हणून.

मी नातीचं नाव विचारलं. आजीनं सांगितलं. मुलगा पेरूच्या गाड्यापाशी जाऊन हटून बसला होता, त्याला उठवायला त्या दोघी गेल्या. मी विट्याची गाडी पकडली.